अंगणातल्या कोंबड्या

2004 चा जानेवारी. एकीकडं व्हिएतनाम, दुसरीकडं थायलंड. दोन्हीकडं बर्ड फ्लूनं कोंबड्या पटापट मरत होत्या, माणसंही दगावू लागली होती. मधे कंबोडिया. नॉम पेन्हच्या वेशीवर भाड्यानं राहणाऱ्या सुधीरला नाशिकहून आईचा रोज फोन यायचा, "बाहेरचं काही खाऊ नका रे."

सुधीर खबरदार माणूस. घरात चिकन बंद, अंडी बंद. कपाटात मास्क, थर्मामीटर आणि ऑसेल्टामिविरच्या गोळ्या. ताप आल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केल्या तर चांगला गुण येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. परतीच्या तिकिटांची चौकशीही झाली होती. आपण सगळं केलं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मागच्या अंगणात घरमालकीण राहायची. ख्मेर भाषेत मावशीला मिंग म्हणतात. सुधीरच्या पाच वर्षांच्या मुलाची, ओमची ती मिंगच. तिच्या दहा कोंबड्या होत्या.

एका संध्याकाळी ओम दिसेना म्हणून त्याची आई माधुरी मागं गेली. मिंग चुलीपुढं बसलेली, पातेल्यात पाणी उकळत होतं, पुढ्यात मेलेली कोंबडी. तुरा काळानिळा पडलेला, डोळ्यांभोवती सूज. ओमच्या मुठीत एक तपकिरी पीस.

माधुरीनं त्याला उचललं, नळाखाली धरून कोपरापर्यंत साबण लावला. सुधीर धावत आला तो तावातावानंच, "मिंग, काय करताय हे?"

"सकाळपासून तीन गेल्या," मिंग म्हणाली. "टाकून देऊ? मग रात्री जेवू काय? कुणाला सांगितलं तर उरलेल्याही मारतील. पैसे कोण देणार?"

सुधीर गप्प झाला. मारलेल्या कोंबड्यांची भरपाई तिथं मिळत नव्हतीच. पोराच्या काळजीनं तो चिडला हे खरं, पण महिनाभर सीमेपलीकडच्या बातम्या वाचताना या बाईशी तो रोगाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. कपाटात मास्कचा गठ्ठा होता, तिच्याकडं एकही नव्हता.

मग मोडक्यातोडक्या ख्मेरमध्ये त्यानं समजावलं. मांस आतपर्यंत 70 अंशांना शिजलं की विषाणू मरतो. खरा धोका त्याआधीच्या कामात. पिसं उपटताना, आतडी काढताना हात भरतात आणि तेच हात नाकातोंडाला लागतात.

दोघांनी मास्क बांधले, हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या. सुधीरनं कमरेइतका खड्डा खणला. तिन्ही कोंबड्या आत, वर चुना, वर माती. पिशव्याही त्यातच पुरल्या. माधुरीनं वरणभाताचं पातेलं मागच्या दारी नेऊन ठेवलं.

सकाळी मिंग स्वतःच गावच्या प्रमुखाकडं खबर द्यायला गेली. उरलेल्या सात कोंबड्यांचे पैसे सुधीरनं दिले. विमानाच्या एका तिकिटापुढं ते काहीच नव्हते. थर्मामीटर कपाटातून बाहेर आला आणि पुढं दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजला गेला, ओमचा आणि मिंगचाही. दोघांनाही आला नाही.

वर्षभरानं, जानेवारी 2005 मध्ये, कंबोडियातली बर्ड फ्लूची पहिली मानवी रुग्ण सापडली. कांपोत प्रांतातली एक तरुणी. तिचं निदान सीमेपलीकडं, व्हिएतनाममध्ये झालं. ती वाचली नाही.