रोजचाच रस्ता

आमचे आजोबा संध्याकाळी ‘हवा खायला’ निघायचे. त्यांच्या आजोबांना हे ऐकून हसूच आलं असतं. शेतावर, बाजाराला, पंढरीला पायी जाणाऱ्या माणसाला हवा वेगळी खावी लागत नाही. बैठी नोकरी आली आणि चालणं हे औषध झालं. पुढे १९६५ साली जपानमध्ये ‘दहा हजार पावलं’ अशा अर्थाचं नाव घेऊन पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, तेव्हा औषधाची मात्राही ठरली. ती जाहिरातीतून आली, हे आपण सोयीस्कर विसरलो. मीही पुण्याच्या वेताळ टेकडीवर बरीच वर्षं मनगटाकडे बघतच ही मात्रा घेतली.

आजूबाजूचा निसर्ग पाहण्याची परंपरा मात्र आपल्याकडे जुनी. सातवाहन राजा हालाच्या ‘गाथासप्तशती’त शेतं, झाडं, पावसाळी ढग जागोजागी भेटतात, पण बहुतेकदा प्रेमिकांच्या निमित्तानं. तुकोबा भंडारा डोंगरावर जायचे. तिथल्या झाडापाखरांशी त्यांचं सख्य जुळलं ते विठ्ठलाच्या ओढीतून. बालकवींच्या कवितेत निसर्ग स्वतःच मुख्य पात्र झाला. आणि १९५६ मध्ये दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आलं, मराठी महिन्यांच्या क्रमानं लिहिलेलं. ते वाचताना माझ्या डोक्यात उजेड पडला: पाहायला नवी जागा लागत नाही, तीच जागा पुन्हा लागते.

मग गल्लीच्या तोंडावरचा पिंपळ धरला. त्याच्या डहाळीच्या शेंड्याशी टोकदार, मिटलेली कळी असते. कळी कसली, कोवळ्या पानावरचं वेष्टन ते. ते गळतं आणि आतून तांबूस, ओलसर दिसणारं पान लोंबतं; इतकं लुळं, की वाटावं हे जगायचं नाही. दोन-तीन दिवस सकाळचं ऊन त्यातून आरपार येतं. मग हरितद्रव्य भरतं, पान ताठ होतं, सळसळायला लागतं. एवढ्यासाठी थांबलो तर पावलं कमी भरतात. भरोत.

टेकडीवरच्या गिरिपुष्पाला मात्र मी परदेशी म्हणून नाकं मुरडायचो. ते इतकं लावायला नको होतं, हे माझं मत आजही कायम आहे. पण फेब्रुवारीत पानं झडलेल्या त्या काटक्या फिक्या गुलाबी फुलांनी लगडतात तेव्हा सुंदर दिसतात, हेही कबूल करायला हवं. दोन्ही खरं असायला काय हरकत आहे?

यंदा पिंपळाची पालवी माझ्या नजरेतून निसटली. गावाला गेलो होतो. परत आल्यावर झाडाखालच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, कधी फुटली?

“पाडव्याच्या आधी आठ दिवस, काका,” तो मान वर न करता म्हणाला. “सुकी पानं कपड्यांवर पडायची थांबली की समजायचं.”