वडाचे बी आणि कारणाचा प्रश्न

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला मुलगा श्वेतकेतू याला वडाचे फळ फोडायला लावतो. आतला दाणा फोडल्यावर मुलाला काहीच दिसत नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच वड उभा राहिला, असे पिता सांगतो. मग वड बियात आधीच होता का? सांख्यांच्या सत्कार्यवादात कार्य कारणात आधीपासूनच असते. न्याय-वैशेषिकांना ते अमान्य. बौद्धांचे शालिस्तंबसूत्र बियाबरोबर माती, पाणी, उष्णता, वारा, अवकाश आणि ऋतूही कारणांत मोजते. जंगलात पाहिले तर हीच बाजू जड वाटते, फक्त यादीत पाखरू राहून गेले. सह्याद्रीत वडाची लालबुंद फळे मैना, बुलबुल, धनेश खातात. बारीकसे बी विष्ठेतून ताडाच्या झावळ्यांच्या बेचक्यात पडते, साठलेल्या ओलसर कचऱ्यात रुजते आणि तिथूनच जमिनीकडे मुळे सोडते.