घरातील प्रक्षाळपूजा

आषाढीची यात्रा जवळ आली म्हणजे पंढरीत देवाचा पलंग काढतात. देव रात्रंदिवस उभा राहून दर्शन देतो. यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते. ऊन पाण्याने देवाला स्नान घालतात, काढ्याचा नैवेद्य दाखवतात, मग देव शेजेवर जातो. जगन्नियंत्याला शीण कसला, असे कोणी विचारीत नाही. उभा राहिला म्हणजे दमला असेल, एवढे प्रेमाला कळते.

आता पंढरीहून आपल्या घरी या. आमच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. मागोमाग भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर कारखाने वाढले. गावोगावची माणसे आली, तीन-तीन पाळ्यांत उभी राहिली, मुलांना शिकवून मोठी केली. ती माणसे आता थकली आहेत. कीर्तन आटोपले की एखादा मुलगा बाजूला घेऊन हळूच विचारतो, "बुवा, वडील आठ-आठ दिवस अंघोळ करीत नाहीत. कपडे बदलीत नाहीत. बोललो तर अंगावर येतात. जन्मभर टापटिपीचा माणूस, आताच असे का?"

उत्तर देण्यापूर्वी आमचाच अपराध सांगतो. आमच्या मातोश्री ऐंशी ओलांडल्यावर गावाकडून पिंपरीस आमच्या बिऱ्हाडी आल्या. गावी पहाटेच्या काकड्याआधी त्यांचे स्नान ठरलेले. येथे महिनाभरात ते सुटले. "काल तर केली," म्हणत. पण लुगडे तेच. एका एकादशीला आम्ही कीर्तनास निघालो होतो. आख्यान पुंडलिकाचे. उंबऱ्यात उभे राहून आम्ही मातेला म्हणालो, "लोक काय म्हणतील? बुवांच्या घरी एवढीही शुद्धता नाही?" त्या काही बोलल्या नाहीत. पदर पुढे ओढून भिंतीकडे वळल्या.

कारण काढले ते सुनेने. मोरीतल्या गुळगुळीत फरशीवर मातोश्री एकदा घसरल्या होत्या. नळ हाती आला म्हणून वाचल्या. पुन्हा पडलो तर लेकाला ओझे होऊ, म्हणून ते कोणाला सांगितले नाही. धुतलेली लुगडी उंच दांडीवर. तेथवर हात पोचत नव्हता. आणि आम्ही त्याला आळस म्हणत होतो! त्या रात्री पुंडलिक सांगताना आमची जीभ जड झाली.

तेव्हा श्रोतेहो, आधी कारण शोधा. पडण्याचे भय हे पहिले. गुडघे वाकत नाहीत, हात पाठीमागे जात नाही, तांब्या पेलत नाही, थंडी सोसत नाही. दुसरे, वयाबरोबर नाक आणि डोळे मंदावतात. आपल्याला येणारा वास त्यांना येतच नाही, डाग दिसत नाही. तिसरे, स्मृती. पाणी विसावायचे, साबण लावायचा, पुसायचे, नेसायचे, ही साखळी स्मृतिभ्रंशात तुटते. कोठून आरंभ करावा हेच सुचत नाही. चौथे, मनाची खिन्नता. जोडीदार गेला, पाळी संपली, कोणी वाट पाहत नाही. मग सोमवार काय नि गुरुवार काय! पाचवे, लाज. लघवी आवरत नाही, कपडा खराब होतो, तो लपवावा लागतो. लेकापुढे उघडे कसे व्हावे?

येथे कोणी शंका घेईल, "बुवा, शास्त्राने शौच सांगितले आहे, त्याचे काय?" सांगितले आहे खरे. पण गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत शौच आले, त्याच्या लगेच पुढच्या श्लोकात जरा आणि व्याधी यांतील दुःख पाहावे असेही आले. आम्ही पहिला श्लोक मातेपुढे उभा केला आणि दुसरा विसरलो. शौच दुसऱ्याकडे मागायचे, आणि जरेचे दुःख पाहायचेच नाही, हे ज्ञान नव्हे.

मग करावे काय? मोरीत खरखरीत रबरी चटई घाला, भिंतीला धरायला पक्का दांडा बसवा, बसायला बळकट स्टूल ठेवा. दुपारच्या उबेत, पाणी आपल्या हाताने पाहून, पायांपासून आरंभ करा. अंगावर पंचा राहू द्या. लाज राखली की विरोध निम्मा सरतो. आईला लेक किंवा सून, वडिलांना मुलगा बरा. रोज स्नानाचा हट्ट नको; म्हातारी कातडी कोरडी असते. आठवड्यात दोन-तीन स्नाने, आणि रोज तोंड, काखा, जांघा, पावले ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली तरी पुरे. पुसताना लाली, जखम दिसते का पाहा. मात्र हा बदल एकाएकी झाला असेल, बोलण्यात भ्रम असेल, तर विनाविलंब वैद्यांना दाखवा. लघवीचा संसर्गही म्हाताऱ्या माणसाला भ्रमिष्ट करतो. असले आजार कळले तर उपाय होतो.

आणि जनाबाई आठवा. दळण-कांडणात खपणाऱ्या त्या दासीचे केस गुंतले, डोक्यात उवा झाल्या. पाणी घालायला मायेचे कोणी नाही. तेव्हा पांडुरंग आला, त्याने न्हाऊ घातले, उवा काढल्या, वेणी घातली, असे संप्रदाय प्रेमाने सांगत आला आहे. "इतकी मळलीस कशी?" असे देवाने विचारले नाही. त्याने फक्त पाणी घातले.

आमच्या मातोश्री पुढे तीन वर्षे होत्या. स्टुलावर बसून, सुनेच्या हातचे ऊन पाणी पाठीवर पडले की डोळे मिटून "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत. आम्ही बाहेर धुतलेले लुगडे हातात घेऊन उभे असू. जन्मभर पुष्कळ पूजा केल्या, पण ते उभे राहणे आम्हांला सर्वांत जवळचे वाटते. तुमच्या घरी कोणी शिणलेले उभे असेल, तर आजच पाणी तापवा. आधी रागावू नका.

रामकृष्णहरी!