समतेच्या पदावर कोण बसावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत समान संधी कक्ष असावा लागतो आणि एक भेदभावविरोधी अधिकारी नेमावा लागतो. हा नियम मुंबई विद्यापीठाला लागू आहे, तसाच त्याला संलग्न असलेल्या ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या महाविद्यालयांनाही. विद्यापीठात हा अधिकारी किमान प्राध्यापक आणि महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाचा असावा, अशी अट आहे. तो कोणत्या समाजातला असावा, त्याने काय सोसलेले असावे, याबद्दल विनियम गप्प आहेत. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. अन्याय ओळखण्याचा अधिकार तो सोसल्यामुळे मिळतो, की त्यापासून अलिप्त राहिल्यामुळे?

कायद्याने एका ठिकाणी या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीची अध्यक्ष महिलाच असावी लागते. बाईच्या हाती चौकशी दिली की ती पक्षपाती होईल, ही शंका तिथे कायद्याने मानलेली नाही. जातीच्या बाबतीत मात्र पदाचा दर्जा पुरेसा ठरतो. वरवर निर्मळ दिसणारी ही अट प्रत्यक्षात तशी राहत नाही. राखीव जागांचा अनुशेष आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुका पाहता, भेदभाव जवळून अनुभवलेले अनेक शिक्षक सहयोगी प्राध्यापकपदापर्यंत पोचलेलेच नसतात. दर्जाची अट अशा रीतीने, कोणाच्या मनात नसतानाही, अनुभवाला दाराबाहेर ठेवते.

या वादाची मांडणी मराठी मुलखात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली, तेव्हा तिचे अध्यक्षपद नारायण चंदावरकरांकडे गेले. काम अस्पृश्यांसाठी आणि धुरा सवर्ण सुधारकांकडे, ही त्या काळची रीत होती. तिच्यामागची कळकळ खोटी नव्हती. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब आंबेडकरांनी या रीतीच्या मुळावर घाव घातला. अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडायला अस्पृश्यच हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितले, की आंबेडकरांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. इथे छत्रपतीने पुढारी नेमला नाही. लोकांतून पुढे आलेल्या माणसाला त्याने जाहीर मान्यता दिली.

अनुभवाचा हा दावा एका मर्यादेपर्यंत अचूक आहे. वसतिगृहातले टोमणे, प्रवेशाच्या रांगेत मोठ्याने विचारलेला ‘कॅटेगरी’चा प्रश्न, तोंडी परीक्षेत आडनाव ऐकल्यावर बदललेला सूर, यांत अपमान कुठे आहे हे न सोसलेल्याला दाखवून द्यावे लागते. पण एकाचा अनुभव दुसऱ्याचा होत नाही. ठाणे जिल्ह्यात ही अडचण ठळकपणे दिसते. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून येणारी कातकरी किंवा ठाकूर मुलगी, भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा, कल्याणच्या बौद्ध वस्तीतला विद्यार्थी, आगरी आणि कोळी गावांतली मुले, उल्हासनगरच्या सिंधी घरांतली मुले आणि गर्दीच्या लोकलमधून काठी सावरत येणारा अंध विद्यार्थी एकाच वर्गात बसू शकतात. यांतल्या कोणा एकाच्या समाजातला माणूस निवडला, तरी उरलेल्यांच्या बाबतीत तो बाहेरचाच. शिवाय स्वतः सोसलेले दुःख माणसाला दुसऱ्याच्या दुःखाशी जोडते तसे कधी त्याच्याबद्दल उदासीनही करते.

म्हणून दुसरी कसोटी लागते, आणि ती बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमावलीत, फार नेमकी सापडते. भिक्षुसंघात निवासाचे वाटप, भोजनाची व्यवस्था, चीवरांचा स्वीकार अशा कामांसाठी अधिकारी निवडत. त्याच्यात पाच गुण पाहिले जात. आवड, द्वेष, मोह आणि भय या चारांमुळे तो वाकडा जाणारा नसावा, आणि आपले काम त्याला कळत असावे. नाव संघापुढे ठेवले जाई. कोणाचा विरोध असेल तर त्याने बोलावे, मौन म्हणजे संमती. जन्म हा निकष नव्हता. विनयाचा सर्वांत मोठा जाणकार मानला गेलेला उपाली मूळचा न्हावी होता. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. साउथबरो समितीपुढचे आंबेडकर आणि हे आंबेडकर एकमेकांना खोडत नाहीत. काय दुखते हे सांगायला सोसलेला माणूस हवा. समोरची एक तक्रार खरी की खोटी हे ठरवायला मात्र चार दोषांपासून दूर असलेला माणूस लागतो, मग तो कोणत्याही समाजातला असो.

चार दोषांपैकी महाविद्यालयाच्या आवारात सर्वांत अधिक नडते ते भय. आवडनिवड आणि द्वेष निदान ओळखता येतात, भय मात्र सावधपणाचा वेश घेते. अधिकारी हा प्राचार्यांच्या हाताखालचा शिक्षक. तक्रार विभागप्रमुखाविरुद्ध असू शकते, संस्थाचालकांच्या माणसाविरुद्धही. निर्णय अमान्य असलेल्याने अपील करायचे ते २०१२ च्या विनियमांप्रमाणे संस्थाप्रमुखांकडेच. अशा रचनेत निर्भय माणूस शोधण्यापेक्षा भयाचे कारण कमी करणे अधिक शहाणपणाचे. निवड विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांपुढे नाव ठेवून व्हावी, मुदत ठरलेली असावी आणि अपील संस्थेबाहेर जावे. विनयातल्या संघसंमतीचा आजचा अर्थ साधारण हाच होईल.

जातीय छळाच्या आरोपांमुळे गाजलेल्या विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूंनंतर त्यांच्या आयांनी शिक्षणसंस्थांतल्या जातीय भेदभावाविरुद्ध २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती प्रलंबित असतानाच आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम काढले. त्यांत समता समितीवर अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि महिला यांचे प्रतिनिधी घेतले, म्हणजे अनुभवाची बाजू मान्य झाली. अध्यक्षपद मात्र संस्थाप्रमुखाकडेच ठेवले, म्हणजे भयाची बाजू सुटली ती सुटलीच. २९ जानेवारीला न्यायालयाने या विनियमांना स्थगिती दिली आणि तूर्त २०१२ चेच चालू ठेवायला सांगितले. तिथला वाद मुख्यतः जातीय भेदभावाच्या व्याख्येत कोण येते आणि कोण सुटते यावर झाला. खुर्चीवर कोण बसते, याची चर्चा त्या मानाने मागेच राहिली.