मालाचा भार आणि महानगराचे ऋण

महानगराच्या मालवाहतुकीचे नियोजन हा वरवर पाहता अभियंत्यांचा विषय. किती टन माल येणार, धक्क्याला किती खोल पाणी लागणार, ट्रेलर कोणत्या रस्त्याने निघणार, एवढे ठरले की आराखडा पुरा झाला असे मानतात. पण या हिशेबाच्या पोटात धर्माचा प्रश्न दडलेला आहे. माल सगळे शहर वापरते; त्याचा धूर, आवाज आणि धोका काठावरची मोजकी वस्ती सोसते. ही वाटणी न्याय्य कशी ठरवायची?

सिंगापूरच्या उत्तर टोकावरचे सेम्बावांग या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. समोर जोहोरची सामुद्रधुनी आणि पलीकडे मलेशियाचे जोहोर राज्य. 1920च्या दशकात ब्रिटिशांनी इथे आरमारी तळ उभारायला घेतला आणि 1938 मध्ये तिथली किंग जॉर्ज सहावा गोदी खुली झाली. जवळच्या वुडलँड्सला जोहोरशी जोडणाऱ्या बांधाचे उद्घाटन 1924चे, पण त्यावरून मालगाड्या आदल्या वर्षीच धावू लागल्या होत्या. प्रवासी गाड्या त्यानंतर आल्या. या बांधाने सामुद्रधुनी मधोमध अडवली. त्यामुळे सेम्बावांगला येणाऱ्या जहाजाला पूर्वेकडूनच आत शिरावे लागते. ब्रिटिशांनी 1968 मध्ये गोदी सिंगापूर सरकारच्या हवाली केली, तिथे जहाजदुरुस्तीचा कारखाना सुरू झाला आणि शेजारच्या धक्क्यांवर व्यापारी माल उतरू लागला.

हा माल कंटेनरमध्ये न मावणाऱ्या जातीचा: लाकडाचे ओंडके, पोलाद, अवजड यंत्रे. कंटेनर एकसारखे असतात, एकावर एक रचता येतात. यंत्राचा मोठा भाग मात्र सुटाच उचलावा लागतो. त्याचा तोल कुठे आहे ते पाहून साखळ्या अडकवायच्या, क्रेनने अलगद बुटक्या ट्रेलरवर ठेवायचा, करकचून बांधायचा, परवाना काढायचा आणि सोबत एस्कॉर्ट घेऊन रस्त्याला लागायचे. शहरातला प्रत्येक पूल, प्रत्येक उंच इमारत अशा कुठल्यातरी धक्क्यावरून आत आलेली असते. सिंगापूरच्या सुमारे 735 चौरस किलोमीटर जागेत साठ लाख माणसे राहतात आणि अन्नाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग बाहेरून येतो. अशा देशाला धक्क्यावाचून एक आठवडाही काढता येणार नाही.

लाभ आणि भाराच्या या वाटणीचे सर्वांत सोपे समर्थन उपयुक्ततावादी देतात: लाखोंच्या सोयीपुढे शेकड्यांची गैरसोय थोडी, म्हणून ती योग्य. नियोजनाच्या कचेऱ्यांत खर्च आणि लाभाचे तक्ते याच तत्त्वावर बेततात. जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये त्यातला दोष दाखवला. बेरीज मोठी आली म्हणून एकाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्याने भरून निघत नाही. विषमता राखायचीच असेल, तर तिने सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाचे भले केले पाहिजे. युक्तिवाद बळकट आहे. पण तो वाटणीचा नियम सांगून थांबतो. घेणाऱ्याने देणाऱ्याशी पुढे कसे नाते ठेवावे, याबद्दल तो फारसे बोलत नाही.

भारतीय विचार इथे अधिक खोल जातो. शतपथ ब्राह्मणात माणूस चार ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे. चौथे ऋण कीर्तनप्रवचनांत कमी ऐकू येते, नगररचनेला मात्र तेच लागू पडते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हाच विचार चक्राच्या रूपाने येतो. जो भोगतो पण परत काही देत नाही, त्याला तिथे स्पष्टपणे चोर म्हटले आहे. टिळकांनी 1915च्या गीतारहस्यात लोकसंग्रहाचा जो अर्थ मांडला, तो समाजाचे धारण करण्याचा. या अर्थाने धक्का चालवणे हे लोकसंग्रहाचेच काम. आणि ते काम ज्यांच्या अंगणात चालते, त्यांचे शहरावर ऋण आहे.

ऋण कोणाचे, हे पाहायला सेम्बावांगचा इतिहास थोडा मागे न्यावा लागतो. या खाड्यांमध्ये आणि खारफुटीत ओरांग सेलेतार हे दर्यावर राहणारे लोक नावांवरून फिरत, मासे धरत. आज त्यांच्या वस्त्या जोहोरच्या किनाऱ्यावर आहेत. सिंगापूरच्या बाजूला त्यांचे जुने जीवन उरलेले नाही. तळावर राबायला आलेल्या तमिळ कामगारांनी कॅनबेरा रोडलगत झाडाखाली मुरुगनाचे देऊळ मांडले होते. जमीन विकासासाठी गेली तेव्हा देवालाही शेजारच्या यिशूनला जावे लागले. देव हलवण्याचा विधी आपल्या परंपरेत नीट सांगितलेला आहे: आधी देवाची अनुज्ञा घ्यायची, मग मूर्तीतले तेज कलशात उतरवायचे, नव्या जागी पुन्हा प्रतिष्ठा करायची. जागा घेण्याआधी विचारावे लागते, ही जाण त्या विधीत आहे. माणसांच्या बाबतीत ती अनेकदा विसरली जाते.

आता सेम्बावांगचाच भार उतरू घातला आहे. जहाजदुरुस्तीचा कारखाना सिंगापूरच्या पश्चिम टोकावरच्या तुआसकडे जाणार असून किनाऱ्यावर नवी वस्ती उभी करण्याचे बेत आहेत. 2022 मध्ये अधिकृतपणे खुले झालेले तिथले तुआस बंदर 2040च्या दशकात पुरे होईल, तेव्हा वर्षाला साडेसहा कोटी कंटेनर हाताळू शकेल. नियोजन म्हणून हे शहाणपणाचे आहे, कारण विखुरलेले धक्के एकत्र आले की शहरातून धावणारे ट्रेलर कमी होतात. पण भार नाहीसा होणार नाही, पश्चिम टोकाला सरकणार आहे, आणि ऋणही त्याच्यासोबत तिकडे जाणार आहे. समुद्राकाठच्या नव्या घरांत राहायला येणाऱ्याचा तांदूळ आणि सिमेंट यापुढेही कोणाच्या तरी दारातूनच येणार.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मुंबई बंदरावरचा ताण हलका करायला न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले. त्याच्या पायाशी शेवे कोळीवाड्याचे विस्थापन आहे. आणि जमीनसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढताना जानेवारी 1984 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पडलेले पाच शेतकरीही आहेत. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन भूमिपुत्रांना परत देण्याचे तत्त्व पुढे आले. पैसे देऊन संबंध तोडण्याऐवजी वाढत्या मूल्यात वाटा देणारे हे तत्त्व ऋणाच्या कल्पनेला सर्वांत जवळचे आहे, आणि महाराष्ट्राने जगाला अभिमानाने सांगावे असे आहे. त्याच्या अंमलाबद्दल तसे म्हणता येत नाही: न्हावा शेव्याच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती या जमिनीची इरादापत्रे पडायला ऑगस्ट 2014 उजाडला. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली आहे. तिथल्या मच्छीमारांचा वाटा कोणता, याचे लेखी उत्तर त्यांना धक्क्याला पहिले जहाज लागण्याआधी मिळाले पाहिजे.