दुरुस्ती कोणाकडे जाते?

आईच्या वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं. मी रायपूरला, ताई पुण्यात, दादा नागपुरात. गूगल डॉक्सवर एक फाइल उघडली आणि तिघांनाही तीत बदल करण्याची मुभा ठेवली.

पहिल्याच आठवड्यात माझं एक वाक्य बदललं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, ‘काय करून राहिली गं?’ सकाळी पाहते तर तिथे ‘काय करते आहेस गं?’ व्याकरण सुधारलं, पण बुढापाऱ्यातल्या घरातली आई त्या वाक्यातून उठून गेली. ताईला फोन केला, तर म्हणाली, “अगं, छापायचंय ना? लोक हसतील.”

मला एकनाथ महाराज आठवले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. सुमारे तीनशे वर्षांत नकला करताना शिरलेले अपपाठ काढले आणि पुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असं बजावलं. दुरुस्ती त्यांनीही केलीच. पण ती मूळ बोलणाऱ्याकडे परत नेणारी होती. ताईची लोकलाजेकडे नेणारी.

हे ताईला पटवायचं म्हणून मी फाइलचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं ते त्यात नावानिशी दिसतं. खाली जाता जाता माझंच नाव आलं. वेळ रात्री पावणेबाराची. ‘शेवटची दोन वर्षं आई फार एकटी होती,’ असं ताईनं लिहिलेलं वाक्य मी पुसलं होतं. त्या दोन वर्षांत आईजवळ मीच राहत होते.

बदल नुसता सुचवण्याचीही सोय त्या फाइलीत असते. मूळ शब्द खोडलेला दिसत राहतो, दुसऱ्यानं होकार दिला की मगच जातो. ती मी वापरली नव्हती. वाक्य खोटं असतं तर मी ताईशी भांडले असते. खरं होतं, म्हणून गुपचूप पुसलं.

पुस्तिका छापल्यावर हा इतिहास वाचणाऱ्याला दिसणार नाही. म्हणूनच तो आम्हा तिघांवर सोपवलेला आहे, असं मला वाटतं. ताईचं वाक्य मी जागच्या जागी ठेवलं आणि शेजारी टिपण लिहिलं: ‘हे मी काढलं होतं.’ तिचं उत्तर अजून आलेलं नाही. ‘करते आहेस’ही तसंच आहे. तिला विचारल्याशिवाय मी ते बदलणार नाही.