जोड धरेपर्यंत

आबांच्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हा त्यांचं वय ७४. डॉक्टरांनी बजावलं, "सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडेल."

घरी आलो आणि आम्ही पहाराच बसवला. मी ओसरीवर, आई गोठ्याच्या दारात. आठव्या दिवशी नजर चुकवून आबांनी माळ्यावरच्या कडब्याच्या पेंढीला हात घातलाच. आई ओरडली. आबा म्हणाले, "बसून खायाचं तर जगायचं कशाला?"

रात्री मी त्यांच्याजवळ बसलो. सांगितलं, शिरेतून काळजापर्यंत तार नेलीय. तिचं टोक आत घट्ट बसायला वेळ लागतो; तोवर हिसका बसला तर ते निसटतं. आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे आंब्याच्या कलमागत की! जोड धरेस्तवर हलवायचं न्हाई. हे आधी सांगायचं व्हतंस."

दुसऱ्या दिवशी पहारा उठला. आबा डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत, चहाची कपबशी धरत. पेंढी मात्र शेजारच्या पोराला काढायला सांगत. जन्मात कुणाला काम न सांगितलेल्या माणसाला ते सांगणं पेंढीपेक्षा जड गेलं असेल.

कासरा आमच्या हातात होता तोवर ते ओढ घेत होते. कारण कळलं, तसा तो त्यांनी स्वतःच्या हाती घेतला. आठ दिवस आम्ही त्यांचा हात जपला, पण त्यांच्या शहाणपणावर विश्वास ठेवला नाही. संयम सुटला होता तो आमचाच.